मंजुषानं केली चितपट

रुग्णवाहिकेवरच्या मंजुषाला आपल्या चपळाईचा लई अभिमान. "मैदानात माणूस पडला की नव्वद सेकंदांत मी त्याच्यापाशी," असं ती चालक शहादेवला रोज ऐकवायची. क्रिकेटच्या पाच स्पर्धा तिनं सांभाळल्या होत्या. कुस्तीचं मैदान मात्र तेलगावात पहिल्यांदाच बघत होती.

चांदीच्या गदेची शेवटची कुस्ती लागली. उमापूरचा सिदू आणि सिरसाळ्याचा रविराज. शहादेव नेमका भेळ खायला गेलेला. दोन मिनिटांत सिदू पालथा पडला, तोंड मातीत, पाठीवर रविराज. पाच मिनिटं झाली तरी सिदू हलेना. आणि सात-आठ हजार माणसं नुसती बघत बसलेली.

"काळीज हाय का न्हाई या लोकांना?" म्हणत मंजुषा पेटी घेऊन धावली. बाईमाणूस आत आलेली बघून रविराज अदबीनं बाजूला झाला. सिदूचे डोळे मिटलेले. तिनं त्याच्या खांद्याला धरलं, गुडघा लावला आणि श्वास बघायला एका हिसक्यात त्याला उताणा केला.

सिदूनं डोळे उघडले. "ताई, पाठ टेकू नये म्हणूनच पालथा पडलो होतो मी."

मग दोन्ही गावं एकदमच उठली. पंच बद्रीनाथअप्पांनी हात वर करून सगळ्यांना खाली बसवलं.

"पाठ लागली, हे मी बघितलं. लावली कुणी?"

"मी न्हाई," रविराज म्हणाला. गडी खोटं बोलणारा नव्हता.

"मग ताईंनी चितपट केलं. आता गदेसाठी ताई आणि तू."

"अप्पा, मी श्वास बघत होते हो," मंजुषा काकुळतीला आली.

"कशापायी का असंना, पाठ लागली."

रविराजनं आडव्या पडलेल्या सिदूकडं बघितलं, मग मंजुषाकडं. त्यानं हात जोडले. "मी माघार घेतो."

मंजुषाला फेटा बांधला. हलग्या वाजल्या. "गदा डोक्यावर धरा, फोटू काढायचाय," कुणीतरी म्हणालं. तिनं गदा उचलली आणि कमरेत अशी चमक भरली, की ती तिथंच बसली. स्ट्रेचर सिदू आणि रविराजनं उचललं. शहादेव भेळेचा कागद हातात धरून बघतच राहिला.

दवाखान्यात डॉक्टरांनी फेट्याकडं बघत विचारलं, "कुस्ती किती वर्षांपासून?"

मंजुषानं मान खाली घातली.

"आज दुपारपासून, सर."