गुलाबभाऊंची दोन घराणी

गुलाबभाऊ राठोडांच्या खोलीत पाऊल टाकण्याआधी नाकावर रुमाल धरावा लागे. आत वास यायचा म्हणून नव्हे, तर आपला श्वास टेबलापर्यंत जायचा म्हणून. "मास्तर, रुमाल," असं ते मान वर न करता सांगत. टेबलावर एक पांढरा कागद असे आणि कागदावर, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, चाळीस किडे. मला फक्त कागद दिसायचा. एकदा ऐन सर्दीत मी त्या खोलीत शिंकलो. त्यानंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत आणि ते दोन्ही दिवस त्यांनी भिंतीच्या कडेनं रांगत काढले.

ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागेची. मुकुटबनला मी शाळामास्तर होतो आणि शेजारी राहणारे गुलाबभाऊ लाकडाच्या सरकारी डेपोवर मुन्शी. ओंडके मोजायचे, त्यांवर नंबर टाकायचे, हे त्यांचं काम. बंजारा माणूस. त्यांचा आजा बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरलेला, आणि नातू एकाच ओंडक्यापुढे चार चार तास उकिडवा बसलेला. एकदा कोणी मोठे साहेब डेपो पाहायला आले. त्यांनी एका कुजक्या ओंडक्याची साल सोलली, डोळ्याला भिंग लावलं, "याचे पंख पिसासारखे असतात," असं काहीसं पुटपुटले आणि जीपमध्ये बसून निघून गेले. भिंग मात्र विसरले. ते परत करायचं असतं हे गुलाबभाऊंना पुढे कधीच सुचलं नाही.

"खसखशीचा दाना घ्या मास्तर," ते मला समजावत. "त्याचे दोन तुकडे करा. त्यातला बारका तुकडा म्हंजे हा भुंगेरा. आता याच्या मिशा पाहा. अकरा मनी हायेत, शेवटचे जाड. हरेक मन्याले केसायचं कडं. दिसलं?"

"दिसलं," मी म्हणे. खरं सांगतो, भिंगातून मला माझ्याच पापण्या दिसत.

"आन हे पाख. पाख कायचं, काडी हाये. काडीच्या दोन्ही बाजूनं केस. हा उडत नाई मास्तर, वाऱ्यासंग वाहते."

मी मान हलवत असे. मान हलवताना श्वास सुटला की पुन्हा रांगणं.

या किड्यांना ओली साल लागते, सालीखाली बुरशी लागते, कारण तीच त्यांचं जेवण, आणि ऊन अजिबात चालत नाही. गुलाबभाऊ प्रत्येक किड्याचा पत्ता वहीत लिहीत. ओंडका अमुक, बाजू उत्तरेची, साल सुटलेली. माझ्या घराचा पत्ता विचारला तर मात्र "ते मास्तर राह्यते तिकडं" एवढाच सांगत.

त्यांनी किड्यांची दोन घराणी पाडली होती. पहिलं घराणं काळसर, त्याला डोळे आणि पंख. दुसरं फिकट पांढरट, ना डोळे ना पंख. पहिलं डेपोत पुष्कळ. दुसरं फक्त सालईच्या झाडाच्या एका कुजक्या तुकड्यात सापडलेलं, आणि तो तुकडा त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात जपून ठेवलेला. त्याच तुकड्यात पहिल्या घराण्यातलेही काही होते. मी एकदा भीत भीत म्हटलं, "एकाच लाकडात राहतात, तर एकाच घराण्यातले नसतील?"

"एका गल्लीत राह्यल्यानं कोनी सोयरं होते काय?" ते म्हणाले. "लगन जमवतानी आमी आधी गोत इचारतो. गोत येगळं म्हंजे येगळं." मी पुन्हा रुमाल नाकाला लावला.

या खोलीत एक बाईमाणूसही होतं, हे सांगायचं राहिलंच. सोनीबाई, त्यांची बायको. स्वभावानं मोकळी आणि कामाला वाघीण. त्याही बिचाऱ्या पदर नाकाला लावून झाडू मारायच्या. एका पावसाळ्यात जळण सगळं ओलं झालं. सोनीबाईंना कोपऱ्यात त्यातल्या त्यात कमी ओलं एक लाकूड दिसलं. त्यांनी ते चुलीत घातलं आणि कोपरा शेणानं छान सारवून टाकला. गुलाबभाऊ डेपोतून आले, दोन भाकरी खाल्ल्या, हात धुतले, आणि मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली.

"इथलं लाकूड?"

"चुलीत घातलं. त्याच्यावरच तं भाकर भाजली."

भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू आलं. गुलाबभाऊ ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "काहून आली तू या घरात?" दुसऱ्या दिवशीच्या बसनं सोनीबाई बोरी अरबला, भावाच्या तांड्यात गेल्या. त्याला तीन वर्षं झाली. खोली पुन्हा कोणी सारवली नाही. भाकरी करपल्याचा वास मात्र रोज यायचा. गुलाबभाऊ रोज नव्या ओंडक्याची साल सोलत, पण ते आंधळं घराणं पुन्हा सापडलं नाही. मला त्यांची फार कीव यायची, आणि रागही.

शेवटी मीच माझ्या मोडक्या इंग्रजीत नागपूरच्या एका प्राध्यापकांना पत्र लिहिलं. धावड्याच्या डिंकानं कागदावर पूर्वीच चिकटवून ठेवलेले दोन्ही घराण्यांचे मेलेले किडे सोबत पाठवले, निदान गुलाबभाऊ म्हणाले की ते चिकटवले आहेत. आठ महिन्यांनी उत्तर आलं. ते मी शब्दकोश घेऊन तीनदा वाचलं आणि तीनदा गोंधळलो. चौथ्यांदा उलगडलं.

दोन घराणी नव्हतीच. एकाच आईची लेकरं. लाकूड ओलं आणि खायला भरपूर असलं की बहुतेक पिल्लं बिनडोळ्यांची, बिनपंखांची निपजतात, कारण त्यांना कुठं जायचंच नसतं. काही थोड्यांना मात्र डोळे आणि पंख येतात. ती नवं लाकूड शोधायला निघतात आणि ते सापडलं की पंख गाळून टाकतात.

इतक्या वर्षांच्या वह्या पाण्यात गेल्या म्हणून गुलाबभाऊ खचतील, असं मला वाटलं. त्यांनी सगळं पुन्हा वाचायला लावलं.

"म्हंजे त्या सालईतले जळाले, तरी..."

"तरी तसं ओलं, कुजकं लाकूड मिळालं की तुमच्या डेपोतल्यांना पुन्हा तशी पिल्लं होतील. काहीच नाहीसं झालं नाही, गुलाबभाऊ."

त्यांनी ते उत्तर घडी घालून वहीत ठेवलं. मग म्हणाले, "एक पत्र लिहून द्या. बोरीले."

मी लिहायला बसलो. "लिहा, डोळेवाले आन आंधळे एका मायचे हायेत. मिशीचे मनी दोघायचे सारखेच. पाख आपसूक गळते..." अर्धा कागद भरला. हे पत्र बायकोला आहे की प्राध्यापकांना, हेच मला कळेना.

"गुलाबभाऊ," मी म्हटलं, "एवढंच लिहू का, की बाईंची काही चूक नव्हती?"

"पत्र तिचा भाऊ वाचून दावते मास्तर. असं कसं लिवाव?" ते म्हणाले. "आन चूक असती तरी काय? लाकूड जळालं तं जळालं. मी तसं बोलाले नोको होतं." त्यांचे डोळे भरून आले होते. मी पत्राची तशीच घडी घालून ते त्यांच्या हातात दिलं.

सकाळी शाळेत जाताना पाहिलं तर गुलाबभाऊ धुतलेलं धोतर नेसून बसच्या थांब्यावर उभे. पत्र सदऱ्याच्या खिशात तसंच होतं.

"टपालात नाही टाकलं?" मी विचारलं.

"टपाल चार दिसानं पोचते मास्तर," ते म्हणाले. "मी आजच सांजलोक पोचतो."