बापूसरांचं चोख निळं

बापूसर दिसले की आमच्याकडचे साडीवाले निळा माल आत ठेवतात. मुलीच्या साखरपुड्याची साडी घ्यायला आम्ही त्यांना बरोबर नेलं, ही आमची चूक. विक्रेत्याने "अस्सल निळी" म्हणत साडी उलगडली. सरांनी ती दारातल्या उजेडात नेली, मान वाकडी केली आणि निकाल दिला, "हिरवं शे यात." दुसरीतही हिरवं. तिसरीत जांभळं घुसलेलं. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "आपण लालच घेऊ." सर खूश. लालाविषयी त्यांची काही तक्रार नसते.

आमच्या जळगावच्या कॉलेजात मी कॉमर्स शिकवतो, ते रसायनशास्त्र. मूळचे सोनगीर गावचे, बोली अजून गावाकडचीच, इथे एकटेच राहतात. वर्षानुवर्षे एकच ध्यास: मोबाइल-टीव्हीच्या पडद्यासाठी वीज मिळताच उजळणारा रेणू घडवायचा, तोही निव्वळ निळा. "लाल-हिरवा गरीब बिचारे," ते सांगतात, "निळा म्हणजे जावई. खायला जास्त, टिकायला कमी, आणि वर शेजारच्या रंगात पाय पसरणार." म्हणून ते रेणूचे हातपाय आवळून बांधतात. चुळबुळ कमी, तेवढा रंग चोख. आमच्या स्टाफ मीटिंगमध्येही हा प्रयोग व्हावा असं मला फार वाटतं.

प्राचार्यांनी एकदा त्यांना विचारलं, "पण समाजाला याचा उपयोग काय?" आणि उत्तर येईपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघत बसले.

असे रेणू अतिनील किरणांतही उजळतात, म्हणून सरांच्या खिशात कायम तसला टॉर्च. तो पिकल्या केळ्यावर मारला की केळं निळसर चमकतं. केळीवाला हात जोडतो, "सर, बॅटरी नका मारू, गिऱ्हाइकाला वाटतं माल आजारी आहे."

यंदा मे महिन्यात रेणू जमला. बाटलीत घेऊन सर सोनगीरला निघाले, मलाही ओढलं. तिथे त्यांची माय. मुलगा काय करतो हे तिला कधी कळलंच नव्हतं. "मना आंडोर बल्ब दुरुस्त करस," असं ती लेकाबद्दल गावभर सांगायची. आता ते तिला एकदा दाखवायचं होतं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती जेवण टाकायची.

अंधार हवा म्हणून भर दुपारी आम्ही तिघं एका गोधडीत शिरलो. मी बनवलेला निळा रंग बघ, असं मायला सांगून सरांनी बाटलीवर टॉर्च मारला. मी तसलं निळं जन्मात पाहिलं नव्हतं.

"काय दिखस, माय?"

"अंधार."

बाटली अगदी नाकाशी नेली.

"काहीच दिखत नही रे, बाप."

पिकलेला मोतीबिंदू पिवळट-तपकिरी असतो, तो आधी निळाच गिळतो. जितकं चोख, तितकं तिला कमी दिसणार. हे सरांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण आनंदात विसरले होते. ते बाहेर येऊन उंबऱ्यावर बसले. मला फार वाईट वाटलं.

मग उठले. पिशवीत तुलनेसाठी आणलेली, हिरवं चमकणाऱ्या रसायनाची कुपी होती. तिच्यातले थोडे थेंब त्यांनी निळ्या बाटलीत सोडले.

"सर! अहो, इतक्या वर्षांची मेहनत!" मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला.

पुन्हा गोधडी, पुन्हा टॉर्च.

"दिखनं! दिखनं रे!" माय ओरडली. "निळं शे ना हाई? तू बनाडं?"

"हा माय. निळंच शे."

माय गोधडीतूनच शेजारणीला हाका मारू लागली, आणि ती येईपर्यंत बापूसर त्या हिरवट उजेडात टॉर्च धरून बसून राहिले.