इनासमामांचं लोहचुंबक

इनासमामांकडे पाणी प्यायचं तर तहान आदल्या दिवशी लागावी लागते.

कट्टा गावच्या बसथांब्यावरून आमच्या वाडीकडे वळलं की पहिलं घर त्यांचं, त्यामुळे घामाघूम झालेला परका माणूस हमखास तिथे अडकतो. मामा त्याला ओट्यावर बसवतात. काचेच्या बरणीत पाणी घेतात, चमचाभर काळी भुकटी टाकून ढवळत बसतात आणि मग जुन्या कर्ण्यातून काढलेलं भलंथोरलं लोहचुंबक बरणीला बाहेरून लावतात. भुकटी सरसरत त्या बाजूला गोळा होते आणि पाणी निवळतं. तोवर पाहुण्याची परतीची बस गेलेली असते.

"पाण्यार विश्वास ठेव नको रे झिला," मामा सांगतात. "निवळ दिसता, पण तेच्या पोटात पाप आसता."

त्यातलाही पहिला पेला पाहुण्याला मिळत नाही. तो फिलूचा. फिलू मामांची मुलगी. तिशी ओलांडली तरी तिला बसची पाटी वाचता येत नाही, वेणी घालता येत नाही, म्हणून मामांनीच तिचे केस कापून बोटभर ठेवलेत. ती पाणी पिते, हसते आणि पेला पालथा घालते.

पाप म्हणजे शिसं. भुकटी दिली ती त्यांच्या गोव्यातल्या भाचीने. ती कॉलेजात पाण्यातलं शिसं काढायच्याच संशोधनात असते. वाडीतल्या शहाण्यांनी मात्र मामांना 'चुंबकवैदू' करून टाकलं. एका लग्नात मामांनी पंगतीतच पिशवीतून बरणी काढली, तर नवऱ्याचा काका ओरडला, "मामांनु, सोलकढीतला मीठ तेवढा ठेवा हां!" सगळा मांडव हसला. बँकेतला एक हुशार म्हणाला, चुंबक शिशाला ओढतच नाही.

"ओढणा नायच," मामा शांतपणे म्हणाले. "पावडर शिशाक धरता, चुंबक पावडरीक धरता. ओरोसाक कचेरीत सायबाक गाठूक व्हया तर आदी शिपायाक धरूक व्हया, तसा."

हसणाऱ्यांचा मला संताप येतो. किनाऱ्यावरच्या कितीतरी जाळ्यांच्या वजनाला अजून मामांनी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या आहेत. एकेकाळी मामा जुन्या बॅटऱ्या फोडून, विहिरीच्या काठावरच चूल मांडून शिसं वितळवायचे. राख तिथेच, धुणं तिथेच, पिणंही तिथलंच. स्वस्तात गोळ्या मिळत होत्या तोवर कुणाला विहीर दिसली नाही. आता मासे खाऊन ढेकर देणारे तोंड वर करून मामांना वेडा म्हणतात.

फिलूची आई बाळंतपणातच गेली. पोरीला घरात एकटी कशी ठेवायची, म्हणून मामा तिला चुलीशेजारी बसवायचे. रडू नये म्हणून गार झालेल्या चकचकीत गोळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घालायचे. पोर त्या दिवसभर चोखायची. शिसं लहान मुलाच्या मेंदूत उतरतं, हे भाचीने सांगितलं ते फार नंतर. "मीच दिलंय रे," हे मामांनी मला एकदाच सांगितलं, आणि लगेच बरणी धुवायला उठले.

गेल्या वर्षी वाडीत नळ आला. भाचीने विहिरीचं आणि नळाचं, दोन्ही पाणी तपासायला नेलं आणि फोन केला: नळाच्या पाण्यात शिसं नाही, मामा, आता खुशाल प्या. मला वाटलं, सुटले बिचारे. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ओट्यावर बरणी, भुकटी आणि ढवळणं.

"मामांनु, आता कशाक? पाणी बरा झाला मां?"

"पाणी झाला," मामा म्हणाले. "पाण्याचा काय, ता धुवन निघता."

परवा रविवारी ती दोघं चर्चमधून आल्यावर मी फणस द्यायला गेलो. फिलू उंबरठ्यावर उन्हात बसून झोपेने डुलत होती. मागे मामा. त्यांच्या हातात ते लोहचुंबक होतं आणि ते तिच्या डोक्यावरून, कपाळापासून मानेपर्यंत, फणी फिरवावी तसं हळूहळू फिरवत होते. मानेशी आले की हात झटकायचे आणि पुन्हा कपाळापासून सुरू.

मी दिसताच ओशाळले. "पिन पडली हां केसात. ती सोदतंय."

बोटभर केसांत पिन कुठली राहायला! आणि चुंबक शिशाला ओढत नाही, हे आमच्या वाडीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मी फणस खाली ठेवला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "गावली?"

"अजून नाय," मामा म्हणाले आणि चुंबक परत तिच्या कपाळाला लावलं.