टाकीच्या तोंडाशी उभे असणारे अण्णा

आमच्या आष्ट्यातल्या गल्लीत पाण्याचा हौद धुवायचा असला, तरी बाईमाणूस कमरेला दोरी बांधून आत उतरतं. नवीन सुना हसतात. मीही हसले होते. ही सगळी दिनकरअण्णांची कृपा.

अण्णा आमच्या समोरच राहतात, एकटेच. इथल्याच एका साखर कारखान्यात सेफ्टीचं काम बघतात, आणि माझे मिस्टर संपतराव त्यांच्या हाताखाली आहेत. मी लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यात अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात झाडू घेऊन उतरत होते, तर हा माणूस रस्ता ओलांडून धावत आला. नाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही. पहिलाच प्रश्न, "भाईर कोण हाय?"

मी म्हटलं, बाहेर कुणी नाही. झालं! खांद्यावरच्या पिशवीतून दोरी काढली, मला कमरेला बांधायला लावली आणि दुसरं टोक दिलं सासूबाईंच्या हातात. त्या आठवड्यात आमचं दोघींचं बोलणं बंद होतं. अण्णांनी त्यांना बजावलं, की ही आत पडली तर दोरी ओढायची आणि बोंब मारायची, पण हिच्यामागं आत उतरायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, त्याची तुम्ही अजिबात काळजी करू नका.

तर असे अण्णा. कुणी विहिरीत उतरो, गोबरगॅसच्या खड्ड्यात उतरो, यांचा प्रश्न ठरलेला. विश्रामबागेतल्या दवाखान्यात दात काढायला गेले, तर डॉक्टरांनाच विचारलं म्हणे, की मला भूल देताय, पण भाईर कोण हाय? लग्नात सगळे अक्षता टाकतात आणि हे जनरेटरपाशी पहारा देतात. तिथं कुणाचं उपरणं लोंबताना दिसलं की स्वतःच्या हातानं खोचून देतात. एकदा नवरदेवाच्या मामाचा फेटाच उतरवून ठेवला. त्यावरून मानपानाचं जे रामायण झालं ते काय सांगू! अण्णा शांतपणे जिलेबी खात होते.

कारखान्यात मळीची टाकी साफ करायची म्हणजे तर विचारूच नका. आदल्या दिवशी झाकण उघडायचं, पंख्यानं आत हवा सोडायची, यंत्रानं गॅस तपासायचा, मग पट्टा, मग दोरी, आणि मग कुठं एक माणूस आत. बाहेरच्यांना दम एकच, आतला पडला तर दोरी गुंडाळायचं चाक फिरवून वर ओढायचा, आपण आत जायचं नाही. हे पोरांना पटायचं नाही. आपल्याकडची माणसं कशी, एक जण बुडाला की त्याच्यामागं अख्खी भावकी उडी टाकणार. काठावर उभा राहील त्याला पुढं गावात तोंड दाखवायची सोय नाही. मिस्टर घरी येऊन म्हणायचे, अण्णा लय भित्रा माणूस.

गेल्या हंगामानंतर टाकीत उतरला होता बाळू, मिस्टरांचा सख्खा चुलतभाऊ. तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. पण तळाचा गाळ ढवळला तसा गॅस उसळला आणि बाळू आडवा झाला. चाकाशी होते आमचे मिस्टर. हातातलं सोडून ते सरळ टाकीच्या तोंडाकडं धावले. अण्णांनी त्यांना कमरेत धरून खाली पाडलं आणि चक्क छातीवर बसले. तिथूनच बाकीच्यांना ओरडून चाक फिरवायला लावलं. मिस्टर खालून शिव्या देत होते. ते पुरेना, तर अण्णांच्या हाताला कडकडून चावले. अण्णा हलले नाहीत. बाळू वर आला, दवाखान्यात राहिला आणि धडधाकट घरी आला.

मिस्टरांना काठावर राहिल्याची लाज आणि चावल्याची त्याहून जास्त. अण्णा दिसले की गल्ली बदलायचे. मला मात्र दुसरंच दिसत होतं. त्या दिवशी एका घरातनं दोन तिरड्या उठल्या असत्या. माझं कुंकू ह्या माणसानं राखलं होतं, आणि त्याला साधं पाणी विचारायला कुणी गेलं नव्हतं. एके दिवशी पुरणपोळ्या केल्या, मिस्टरांना हाताला धरून समोर नेलं आणि अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं.

अण्णांनी डब्याला हात लावला नाही. मग म्हणाले, "पोरी, आभार मानायला तू माझ्या दारात आलीस. मी कुणाच्या दारात जाऊ?"

मग सांगितलं. तरुणपणी दुसऱ्या एका कारखान्यात तेच असे टाकीत पडले होते. त्यांचा दोस्त सर्जेराव मागचापुढचा विचार न करता आत उतरला. यांना खांद्यावर घेऊन वरच्यांच्या हाताला दिलं, आणि स्वतः तिथंच राहिला. सर्जेरावाची आई पलूसच्या पलीकडं राहते. अण्णा तिला कधी भेटलेच नव्हते. म्हणाले, "मी जित्ता हाय, ह्ये तिला कुठल्या तोंडानं दाखवू?"

इतका वेळ जमिनीकडं बघत बसलेले मिस्टर उठले. म्हणाले, "अण्णा, पायात चपला घाला. मी येतो संगं."

बाळूनं त्याची गाडी काढली. पोचलो तेव्हा म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. अण्णा अंगणातच थबकले, तेव्हा मिस्टरांनीच सांगितलं, हे दिनकरअण्णा. तिनं सूप बाजूला सारलं. उठली, अण्णांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, खांदे चाचपले, पाठीवरनं हात फिरवला. अण्णा तिच्यासमोर लहान पोरासारखे हुंदके देत होते.

"रडू नगंस, लेकरा," ती म्हणाली. "माझा सर्जा तुला आणाया गेलता. आज आणलं बघ त्यानं."