कोरडं वजन

ऑरिन टटलने पिकअप घ्यायचं ठरवलं तेव्हा घरात सगळं सुरळीत होतं, एक सासऱ्यांची फुप्फुसं सोडली तर. डॉक्टरांनी ऑरिनच्या बायकोला, मार्लिसला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुढच्या उन्हाळ्याचे बेत आखू नका, जे काय ते याच उन्हाळ्यात उरका.

सासऱ्यांना, म्हणजे व्हर्लिन म्हाताऱ्याला, उरकायचं होतं ते एवढंच: मूस तळ्याकाठी एकदा जायचं. लग्न झाल्यावर तो बायकोला घेऊन तिथेच गेला होता, आणि दोघांनी मूस जातीच्या सांबरांचं ओरडणं ऐकलं होतं. बायको जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती, पण तळं तिथेच होतं, घाटाच्या पलीकडे. "मला मोटेलात नेऊन टाकू नका," म्हातारा म्हणाला. "मोटेलात पलीकडच्याचं घोरणं ऐकू येतं. मला पाणी ऐकत पडायचंय." तंबूत, जमिनीवर झोपणं त्याला शक्य नव्हतं. नाकाला नळी होती आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र होतं.

"एवढंच ना?" ऑरिन म्हणाला. "पिकअप घेऊ, तिच्या पाठीवर कॅम्पर चढवू आणि पलंगासकट घरच तळ्यावर नेऊ."

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसंच. (विंचवाला निदान आपली पाठ केवढी आहे ते ठाऊक असतं.)

ऑरिन काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत गाड्यांच्या नंबरप्लेटा देणाऱ्या खिडकीवर बसायचा. सगळ्या गावच्या गाड्यांचे कागद हाताखालून गेल्यामुळे गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज होता. हे म्हणजे लग्नं नोंदवणाऱ्या कारकुनाने संसारावर व्याख्यान देण्यापैकी होतं. आमच्या आयडाहोतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं की आधी कॅम्पर निवडायचा, त्याचं वजन बघायचं आणि मग ते पेलणारी गाडी घ्यायची. ऑरिन आधी गाडी घेऊन आला. गाडी लाल होती. तिच्या बाजूने एवढा एकच मुद्दा होता, पण ऑरिनला तो पुरला.

"अर्ध्या टनाची आहे," त्याने अंगणात उभं राहून जाहीर केलं.

"अरे, पण कॅम्पर अर्ध्या टनापेक्षा जड असतो ना?" मार्लिसने विचारलं.

"अगं, अर्धा टन हे नुसतं नाव. जुन्या काळचं. उचलते त्याच्या कितीतरी जास्त. किती ते गाडीच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं."

"मग खोटं नाव कशाला ठेवतात?"

"तुझ्या मावशीचं नाव जॉय आहे. तिला कधी हसताना पाहिलंयस?"

मार्लिस आत निघून गेली. ऑरिनने हा आपला विजय मानला आणि दुसऱ्या दिवशी कॅम्पर बघायला गेला. विक्रेत्याने त्याला आत फिरवलं, पलंग दाखवला, चूल दाखवली, न्हाणी दाखवली (तिच्यात वळायचं असेल तर आधी बाहेर यावं लागत होतं) आणि म्हणाला, "याचं कोरडं वजन तर बघा!" ऑरिनने बघितलं. दाराच्या चौकटीवरचा आकडा त्याला पाठ होता. त्यातून कोरडं वजन वजा जाता चाळीस पौंड उरत होते. त्याने त्याच पावली सौदा केला.

"चाळीस पौंड शिल्लक!" घरात शिरता शिरता तो ओरडला.

त्याची सोळा वर्षांची लेक ब्रेना बाहेर जाऊन पिकअपच्या दारावरची पट्टी वाचून आली. "डॅड, इथे लिहिलंय, माणसं आणि सामान मिळून एवढं वजन."

"बरोबर. कॅम्पर हे सामान."

"आणि माणसं? आपण चौघं चाळीस पौंडांत बसतो का?"

ऑरिनने पट्टी दहादा वाचली होती, पण माणसं त्याच्या नजरेतून सुटली होती. कचेरीतही त्याचं असंच व्हायचं.

"आणि कोरडं वजन म्हणजे काय रे?" मार्लिसने विचारलं.

"म्हणजे पाणी न भरता."

"गॅस?"

"तोही सोडून."

"बॅटरी, भांडी, अंथरूण, खाणं?"

"ते... हो, ते सगळं सोडून."

"म्हणजे घर सोडून घराचं वजन," मार्लिस म्हणाली.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीवरून म्हातारा खुसखुसला. हसलं की त्याला ढास लागायची, म्हणून तो हप्त्याहप्त्याने हसायचा. "कोरडा असताना माझंही वजन कमीच भरायचं," तो म्हणाला. "शनिवारी रात्री वाढायचं."

नाकापेक्षा मोती जड झाला होता. विक्रेता कॅम्पर परत घेईना, मोठी गाडी मागवायची तर ती येणार पानगळीत, आणि म्हाताऱ्याचा श्वास जिन्याच्या दोन पायऱ्यांवर आला होता. थांबायला वेळ नव्हता. तेव्हा ऑरिनने वजन उतरवायला घेतलं. कॅम्परमधलं टेबल काढलं, कपाटांची दारं काढली, ब्रेनाची गिटार काढली. मार्लिसचा बिडाचा तवा काढला, जो तिच्या आजीचा होता. जादा चाक गॅरेजमध्ये ठेवलं. आणि एवढ्याने भागेना तेव्हा न्हाणीघरातला वजनकाटा आणून बैठकीच्या खोलीत मधोमध ठेवला.

"चढ," तो मार्लिसला म्हणाला.

"काय?"

"काट्यावर चढ. अंदाजाने काम नको. सगळ्यांचा नक्की आकडा हवा."

बायकोला असं सांगून सुखरूप राहिलेल्या नवऱ्यांची उदाहरणं आमच्या काउंटीत तरी नाहीत. मार्लिसने हातातला टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. तिने काहीही घडी करून ठेवलं की ऑरिन दोन पावलं मागे सरायचा.

"आधी तू चढ," ती म्हणाली.

ऑरिन चढला. काटा गरकन फिरला. "हा बिघडलाय," ऑरिन म्हणाला.

"डॅड, तू घरी राहिलास ना, तर सगळंच सुटतं," ब्रेना म्हणाली. "तवासुद्धा येईल."

"मला उठवा रे," म्हातारा म्हणाला. "माझाही आकडा घ्या."

दोघींनी धरून त्याला काट्यावर उभं केलं. काटा हलला आणि फार लवकर थांबला. मार्लिस त्याच्याकडे बघतच राहिली. अंगावरचे सैल कपडे ती रोज बघत होती, पण आकडा तिने बघितला नव्हता.

"अरे वा!" ऑरिन ओरडला.

ओरडून झाल्यावर त्याला कळलं की आपण काय केलं. तोवर शब्द तोंडातून सुटून खोलीभर फिरून आला होता. यंत्र तेवढं घुसघुस करत होतं.

"बघा," म्हातारा म्हणाला, "या घरात मदत करणारा मी एकटाच."

मार्लिस स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि तिने पाण्याचा पेला आणला होता. म्हाताऱ्याने सवयीने तो आधी हुंगला. गावाच्या पाणीपुरवठ्यात त्याचा जन्म गेला होता. पाण्यात क्लोरीन सोडायचं काम त्याचं, आणि पेला न हुंगता तो कुणाच्या लग्नातही पाणी प्यायचा नाही. "आज जास्त पडलंय," म्हणून त्याने ते पिऊन टाकलं.

निघायच्या दिवशी लाल पिकअप मागच्या बाजूला बसकण मारून आणि पुढचं नाक आभाळाकडे करून उभी होती. दिवे लावले असते तर कावळ्यांची झोपमोड झाली असती. मार्लिसने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला कळलं असतं की ऑरिनने पहाटे उठून कॅम्परची पाण्याची टाकी काठोकाठ भरली होती. तळ्याचं पाणी म्हाताऱ्याला बाधलं तर, ही काळजी. तवा घरी आणि टाकी भरलेली! आणि यात प्रेमच होतं, हे सांगूनही कोणाला पटलं नसतं.

घाट लागला. स्टिअरिंग हाताला फार हलकं लागत होतं. ऑरिनला वाटलं, गाडी खुशीत आहे. चौथ्या वळणावर मागचं चाक बंदुकीसारखं फुटलं.

"जादा चाक काढ," मार्लिस म्हणाली.

ऑरिनने तिच्याकडे पाहिलं. मार्लिसला गॅरेज आठवलं. तिने मान फिरवून दरीकडे पाहिलं, आणि ते ऑरिनला जास्त लागलं.

कशीबशी गाडी रस्त्याकडेच्या खडीवर घेतली. एका बाजूला कचऱ्याचं पिंप, दुसऱ्या बाजूला दरीचा कठडा. पाणी कुठेच नव्हतं. म्हाताऱ्याचा श्वास लागला होता, म्हणून त्याला मागे कॅम्परमधल्या पलंगावर निजवलं आणि यंत्र बॅटरीला जोडलं. त्याने डोळे मिटून घेतले. फोनवर गाडी ओढून नेणारा म्हणाला, संध्याकाळपर्यंत येतो, पण टाकीत पाणी असेल तर आधी सोडून द्या, एवढं ओझं मी ओढणार नाही.

ऑरिनने खाली वाकून टाकीची तोटी उघडली. पाणी खडीवरून खळखळत गटाराकडे निघालं. तो आत आला तेव्हा मार्लिस बापाचा हात धरून बसली होती.

"आलो का?" म्हाताऱ्याने डोळे न उघडता विचारलं.

ऑरिनने चाकाचं सांगायला तोंड उघडलं. मार्लिसने त्याच्या पायावर पाय दिला, चांगला जोरात.

"आलो, पपा."

"वाटलंच. पाणी ऐकू येतंय."

मार्लिसने ऑरिनकडे पाहिलं. लग्नापासून तिने त्याच्याकडे इतकं काही मागितलं नव्हतं. ऑरिन उठला, बाहेर आला, खडीवर गुडघे टेकून बसला आणि तोटी हळूहळू आवळू लागला. फार सोडली तर पाणी संपणार, फार आवळली तर आवाज जाणार. गुडघ्यांत खडे रुतले, हात गारठला, पण त्याने धार तुटू दिली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कशाचं तरी माप साधलं होतं. रस्त्यावरून लाकडांचा एक ट्रक कर्कश भोंगा वाजवत गेला.

"मूस ओरडतोय," आतून म्हातारा म्हणाला.

ओढून नेणारा माणूस आला. ऑरिनने ओठांवर बोट ठेवून त्याला थांबवलं. त्याने कॅम्परकडे पाहिलं, ऑरिनच्या हाताकडे पाहिलं, इंजिन बंद केलं आणि कठड्यावर बसून राहिला. शेवटचा थेंब पडला तेव्हा ऊन डोंगरामागे गेलं होतं.

म्हातारा पानगळीच्या आधीच गेला. अंत्यविधीवाल्याने राखेची पेटी ऑरिनच्या हातात दिली. ऑरिनला काहीतरी बोलायला हवं होतं, आणि सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "हे कोरडंच वजन ना?"

अंत्यविधीवाल्याने खाली पाहिलं. मार्लिस हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि हसता हसता टेबलावर डोकं टेकून रडू लागली. ऑरिन पेटी घेऊन तसाच उभा राहिला, कारण ती कुठे ठेवावी हेही त्याला सुचेना.

पुढच्या उन्हाळ्यात ते तळ्यावर गेले. कॅम्पर अंगणात आपल्या चार पायांवर उभा होता. त्याला तिथेच ठेवून मार्लिसच्या छोट्या मोटारीने गेले. ब्रेनाने गाडी चालवली. ऑरिनला पेटी घेऊन मागे बसवलं होतं. फुटलेल्या चाकाची जागा आली तेव्हा ब्रेनाने गाडी हळू केली.

तळ्यात राख सोडून झाल्यावर तिघं काठावर बसले. पाणी संथ होतं, त्याला आवाजच नव्हता. ऑरिनने नाक पुसलं.

"मार्लिस, माझ्या हातून सगळंच चुकत गेलं," तो म्हणाला. "पण ते एक बरं झालं. त्यांना शेवटपर्यंत वाटलं की ते इथे येऊन गेले."

मार्लिसने एक खडा उचलून पाण्यात टाकला.

"ऑरिन, पपा घाटातल्या त्याच संध्याकाळी मला काय म्हणाले माहितीये? तळं झकास आहे, पण क्लोरीन जरा जास्त पडलंय."

ऑरिनचं तोंड उघडं राहिलं. "मग वर्षभर तू मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, इतका वेळ तोटी धरून बसलाय बिचारा. त्याला वाटू दे की आपण पोचलो."