होणाऱ्या विहीणबाईंची पाठ

"एकदा माझ्या हाताखालून गेल्या ना, की विहीणबाई लग्नाची तारीख स्वतःच काढतील!" ताईने मुलीला फोनवर ठणकावून सांगितलं. मसाज सेंटरमध्ये सगळे तिला ताईच म्हणत. गरम आणि गार दगडांच्या मसाजमध्ये आपला हात धरणारं कुणी नाही, हे मात्र तिचं तीच सांगत असे.

तिचं खरं दुखणं वेगळंच होतं. मुलाच्या आईने पहिल्याच भेटीत अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय? लोकांची अंगं चेपून देता?" तेव्हापासून ताईच्या जिवाला घोर! लेकीने त्या घरात आईच्या कामाची लाज घेऊन का म्हणून जायचं? म्हणून तिने विहीणबाईंनाच मसाजचं आमंत्रण दिलं.

विहीणबाई आल्या. ताईने रीतसर चौकशी केली. मधुमेह आहे? रक्तदाब? अंगात कुठे बधिरपणा? काही नाही, बाई ठणठणीत! "चटका बसला तर लगेच सांगायचं हं," असंही ताई म्हणाली. इथपर्यंत, मंडळी, सगळं शिकवल्याबरहुकूम चाललं होतं.

मग नडला तो तोरा. गरम पाण्यातून काढलेला प्रत्येक दगड आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायचा, हा या कामातला पहिला नियम. कारण रोज गरम दगड हाताळून तळवे निबर होतात, त्यांना चटका कळेनासा होतो. पण विहीणबाईंसमोर मनगटाला दगड लावत बसलो तर शिकाऊ वाटू, असं ताईच्या मनाने घेतलं. दगड तापवायच्या भांड्यावरचा तापमानाचा आकडा वाचायला चष्मा लागला असता. चष्म्यात आपण थोराड दिसतो, म्हणून तोही पर्समध्येच राहिला!

तेल लावून पहिला दगड पाठीवरून फिरला.

"कसं वाटतंय?"

"छा... छान!"

आता होणाऱ्या विहिणींचं तुम्हाला ठाऊकच आहे. घराला आग लागली तरी एकमेकींना "जरा उजेड वाटतोय नाही?" असंच म्हणतील.

"अजून थोडे गरम चालतील?"

"तुम्ही म्हणाल तसं, ताई."

झालं! ताईने भांड्याची कळ आणखी वर फिरवली. विहीणबाईंनी पायाची बोटं आवळली, पलंगाची कड घट्ट धरली. उशीतून मुसमुसल्याचा आवाज आला.

"डोळ्यांत पाणी आलं का? येऊ द्या! मनात साठलेलं असतं ना, ते असं बाहेर पडतं."

"पडतंय हो... सगळं बाहेर पडतंय!"

ताईला अगदी भरून आलं. गरम दगड पाठीवर मांडून झाले, आता गार. गार दगड बर्फाच्या पाण्यात ठेवायचे असतात, पण आज पाहुण्या खास! म्हणून ताईने ते सकाळीच थेट फ्रीजरमध्ये ठेवले होते. त्यातला एक तिने मोठ्या प्रेमाने विहीणबाईंच्या मानेवर ठेवला.

"अगं आई गंऽऽ!"

बाहेर वाट बघत बसलेलं एक गिऱ्हाईक चपला न घालताच पळालं. विहीणबाई ताडकन उठून बसल्या. पाठीवरचे दगड धडाधड घरंगळले आणि त्यातला एक ताईच्या दंडाला चटका देत घासून गेला.

"आई गंऽऽ!" आता ताई किंचाळली.

मग तिने विहीणबाईंची पाठ बघितली. गोल गोल, लालबुंद डाग! ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्यांना पुन्हा पालथं झोपवलं, साध्या पाण्यात फडकी भिजवून पाठीवर घातली, पण वर मान करून बघण्याची काही छाती होईना.

"चुकलं माझं," ती कशीबशी म्हणाली. "दगड मी तपासलेच नाहीत. तुमच्यासमोर मिरवायचं होतं मला. पण तुम्ही बोलायचं नाही का हो?"

"पहिल्याच खेपेला मुलाच्या आईने कुरकुर कशी करायची?" विहीणबाई पालथ्या पडल्या पडल्या कण्हल्या. "मला वाटलं, असंच असतं हे. लोक हौसेने येतात म्हणजे सोसत असतील."

ताईला रडूच फुटलं. आपल्या कामाला मान मिळावा म्हणून बोलावलं आणि आपल्याच हाताने त्या कामाची अब्रू घालवली! आता लेकीला काय तोंड दाखवायचं?

"रडू नका हो," विहीणबाई म्हणाल्या. "लग्न काही मोडत नाही मी. पोरांनी काय केलंय? फक्त एक करा."

"तुम्ही म्हणाल ते!"

विहीणबाईंनी मान वळवून दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"माझ्या थोरल्या जाऊबाईंची पाठ फार दुखते म्हणे. पुढच्या आठवड्यात पाठवते त्यांना. आज केलंत ना, अगदी तस्सं करा!"

ताईच्या हाताची एवढी मनापासून शिफारस आजवर कुणीच केली नव्हती. आणि नेमकी तीच कुणाला सांगायची सोय नव्हती!