भावजींचे चिमटे

माझ्या दिराच्या घरी वाळत घातलेले कपडे उडून जातात, कारण सगळे चिमटे दुसऱ्याच कामाला लागलेले असतात.

पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला चिमटा असला तर मोटार चालू करायची नाही. दाराच्या कडीला असला तर भावजी झोपलेत. म्हशीच्या दाव्याला असला तर तिला पेंड घालून झाली. एकदा वाऱ्यानं तो पडला आणि म्हशीनं दुसऱ्यांदा पेंड खाल्ली. भावजी चिडले ते म्हशीवरच. मी म्हटलं, "तिला काय ठावं तुमचं शास्त्र?"

शास्त्रच आहे ते. भावजी पुण्याला एका प्रयोगशाळेत कामाला होते. नोकरी संपली, बायको वारली, तसे खुटबावला परत आले. आमची घरं लागून आहेत. मी चौथी शिकलेली, म्हणून मला शिकवायची त्यांना भारी हौस.

"वहिनी, आपलं अंग पेशींचं. पेशीच्या आत केंद्रक. त्यात धागा, त्याच्यावर अंगाचा सगळा कारभार लिहिलेला. तो वाचायला प्रथिनं येत्यात. एखाद्याला बारीक चिमटा लागला की ते गप बसतं, दुसऱ्याला लागला की ते कामाला उठतं. चिमटा काढला की पुन्हा होतं तसं. प्रथिन तेच बरं का!"

"मंग ज्यानं लावला त्यानंच काढावा की."

"न्हाई ना! लावणारा येगळा, काढणारा येगळा. लावणाऱ्याला काढायचं जमत न्हाई."

"म्हंजी घाण करणार एक, निस्तरणार दुसरं. आमच्या घरावानीच."

"कळलं तुम्हाला," म्हणाले. गावातला एकजण सरपंच झाला आणि ताठ चालायला लागला, तेव्हा त्याच्या तोंडावर म्हणाले, "प्रथिन तेच. चिमटा नवा."

एका चिमट्याला मात्र मी कधी हसले नाही. मांडणीत रेखाच्या ताटाला लाल चिमटा होता. रेखा त्यांची एकुलती एक पोरगी. तिनं दौंडला आपल्या पसंतीनं, दुसऱ्या जातीत लग्न केलं, तेव्हा "या घरात तुझं ताट न्हाई" असं बोलून बसले. चिमटा त्याच दिवशी लावला. आपल्या ताटाबरोबर ते ताटही रोज घासायचे, चिमटा न काढता, कडेकडेनं. म्हटलं, खुळा माणूस.

परवा सकाळी रेखाचा मला फोन आला. "काकी, भांडगावच्या फाट्यावर उभी हाय. पप्पांना इचारा, येऊ का? न्हाई म्हणले तर हितनंच माघारी जाते."

मी गेले. भावजी भाकरी थापत होते. सांगितलं, तसा हात थांबला. नजर मांडणीकडे गेली.

"पोरगी उन्हात उभी हाय, भावजी. काढा तो चिमटा."

"मला न्हाई जमत, वहिनी."

इतकी वर्षं हेच सांगत होते, आणि मला वाटत होतं, शिकवतायत.

मी चिमटा काढला. फोन लावून म्हटलं, "ये गं."

भावजींनी पीठ लागल्या हातांनीच ताट खाली घेतलं. चिमट्याखाली काळपट डाग पडला होता. राख घेऊन घासायला लागले. डाग काही जाईना, आणि ते काही थांबेनात.

"ऱ्हाऊ द्या आता," मी म्हटलं. "वर भाकरी येईल त्याच्या."